दारातल्या कोंबडीचा इतिहास



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त जरा वेगळं आहे. आमच्या कॉलनीत सध्या कोंबड्यांवरून वाद चालला आहे. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक जुनं घर आहे, इथे प्लॉट पडायच्या आधी शेत होतं तेव्हापासूनचं. त्या घरातली बाई सात-आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा बाळगून आहे. "रहिवासी भागात कोंबड्या पाळू नयेत" असा ठराव करावा, म्हणून काही जणांनी अर्ज दिला आहे. अर्जात कारणं तीन आहेत : पहाटेचं आरवणं, वास आणि बर्ड फ्लू. चौथं कारण अर्जात नाही, पण संध्याकाळी बाकावर बसलं की ऐकू येतं. "आपल्या कॉलनीला शोभत नाही हो!"

पहिल्या तीन कारणांवर काही ना काही उपाय निघतो. चौथ्याने मात्र मला विचारात पाडलं. दारात कोंबडी असणं शोभतं की नाही, हे कुणी ठरवलं आणि कधी ठरवलं? मी शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. शिवाजी महाराजांपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळं शिकवलं, पण कोंबडीचा धडा काही पुस्तकात नव्हता. म्हणून या महिन्यात थोडं वाचलं, थोडं आठवलं. तेच इथे मांडते.

अगदी सुरुवातीपासून सुरू करू. आपल्या कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, असं चार्ल्स डार्विनने १८६८ साली मांडलं होतं. पुढे जनुकांच्या अभ्यासाने ते बरंचसं खरं ठरलं. 'बरंचसं' अशासाठी म्हणते, की कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही, तो राखी रानकोंबड्याकडून आला आहे, असं २००८ साली संशोधकांना आढळलं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत राहतो. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत थोडं आपल्याकडच्या जंगलाचं रक्त आहे म्हणायचं!

ती माणसाळली कधी? जुन्या पुस्तकांत आठ-दहा हजार वर्षांपूर्वी असं वाचायला मिळतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हा समज मागे टाकला. ८९ देशांतल्या ६०० हून अधिक ठिकाणी सापडलेली हाडं पुन्हा तपासली गेली. त्यांत पाळीव कोंबडीची म्हणून खात्रीने सांगता येतील अशी सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वात या ठिकाणची निघाली. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५०. संशोधकांचं म्हणणं असं की, माणूस भात आणि भरड धान्य पिकवू लागला, खळ्यावर दाणा सांडू लागला, आणि त्या दाण्यासाठी रानकोंबड्या झाडावरून उतरून वस्तीपाशी आल्या. म्हणजे कोंबडीचं आणि वस्तीचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. सांडलं-लवंडलं टिपायला ती दाराशी आली आणि तिथेच राहिली.

गंमत अशी की, पुढे हाच तिचा दोष ठरला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तीत 'ग्रामकुक्कुट' आहे, म्हणजे गावातला कोंबडा. रानातल्या कोंबड्याचं नाव त्या यादीत नाही! गावात राहून उकिरडा उकरतो म्हणून तो वाईट. त्याच श्लोकात अळंबी, लसूण आणि कांदाही निषिद्ध सांगितले आहेत. यांतला कांदा-लसूण आज अर्जावर सह्या करणाऱ्या बहुतेकांच्या फोडणीत रोज पडतो. अळंबी तर 'मशरूम' झाली आणि लग्नाच्या पंगतीला जाऊन बसली. कोंबडीचं मांस आणि अंडीही पुष्कळ घरांत पोचली. यादीतली एकच गोष्ट अजून दाराबाहेर आहे, ती म्हणजे जिवंत, चालती-फिरती कोंबडी.

आमच्या लहानपणी, १९५५ ते ६५ च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोंबड्या दिसल्या की आळी ओळखता यायची. ब्राह्मण, जैन, लिंगायत यांच्या घरी कोंबड्या नसत. मराठ्यांच्या, मुसलमानांच्या, रामोशांच्या आणि दलित वस्तीतल्या घरी असत. आमचं घर माळकरी. त्यामुळे आमच्याकडे खुराडं नव्हतं. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या काकींकडे होतं, आणि माझं निम्मं बालपण त्या खुराड्यासमोर गेलं.

काकींचं खुराडं ओट्याखाली दगड-मातीत बांधलेलं होतं. दाराला फळी आणि फळीला मोठा धोंडा, मुंगूस आणि रानमांजराच्या भीतीने. दिवसा पिल्लं असली की त्यांच्यावर बांबूचं डालगं. घार फिरताना दिसली की आम्ही पोरं पत्र्याचा डबा बडवायचो. कोंबडी खुडूक झाली, की काकी अंडी एकेक करून कवडशात धरून बघायच्या, निवडक अकरा की तेरा अंडी पाटीतल्या भुशावर मांडायच्या आणि शेजारी लोखंडाचा खिळा ठेवायच्या. का, तर वीज कडाडली तर अंडी नासू नयेत! मग बरोबर एकविसाव्या दिवशी टकटक ऐकू यायची. पोरांना तेवढ्या दिवसांत पाटीजवळ जायला बंदी.

मला तेव्हा न कळलेली आणि आता सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. काकींच्या घरात जमीन काकांच्या नावाची, बैल काकांचे, उसाचे पैसे काकांच्या हातात. डेअरीचं दूध नावापुरतं काकींचं, पण तिथला हिशेब काकाच करून आणत. कोंबड्या मात्र काकींच्या. त्यांच्याबद्दल काका चकार शब्द बोलत नसत. चहापावडर संपली की पोराच्या हातात दोन अंडी देऊन दुकानात पाठवायचं. दुकानदार अंडी घेऊन पुडी बांधून द्यायचा. मुलीच्या बांगड्या, पाटी-पेन्सिल, माहेरी जायचं एसटीचं भाडं, सगळं त्या खुराड्यातून निघायचं. एखाद्या गरजू बाईला काकी एक तलंग वाट्याने पाळायला द्यायच्या. पिल्लं झाली की अर्धी तिची, अर्धी यांची. आई माझी माळकरी, पण तीही म्हणायची, "तिच्या कोंबड्या म्हणजे तिचं कपाट आहे गं. किल्ली तिच्याच कमरेला."

हे काही आमच्याच गावचं नव्हतं. खेडोपाडी परसातली कोंबडी बाईच्या मालकीची. तिला जमीन लागत नाही, भांडवल लागत नाही. दाणापाणी सांडलेल्यातून निघतं. ज्या बाईच्या हातात दुसरं काही नाही, तिच्या हातातही हे राहू शकतं.

या कपाटाला धोका एकच असायचा, मानमोडी. कोंबड्या पेंगू लागायच्या, हिरवट हगायच्या, मान वाकडी व्हायची आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. (१९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. लोकांनी कोंबडीच्या आणि माणसाच्या साथीला एकच नाव दिलं होतं.) या रोगाची शास्त्रातली नोंद तशी अलीकडची. १९२६ साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ आढळला. पाठोपाठ कुमाऊँच्या डोंगरात राणीखेतला दिसला. म्हणून बाहेर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात आणि आपल्याकडे राणीखेत. राणीखेतपासून फार लांब नसलेल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत १९४० च्या दशकात त्यावर लस तयार झाली, आणि तिने पुढे लाखो कोंबड्या वाचवल्या. काकींच्या कोंबड्या मात्र वाचल्या नाहीत. एका उन्हाळ्यात सतरा गेल्या. काकी दोन दिवस जेवल्या नाहीत. काका म्हणाले, "एवढं काय, कोंबड्याच होत्या."

आता जरा लांबचा प्रवास करू. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिला फोनवर कॉलनीचा वाद सांगितला, तर ती म्हणाली, "मावशी, आमच्या शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात तीन कोंबड्या आहेत, आणि ते डॉक्टर आहेत!" म्हटलं, हे बघायला हवं. बघितलं, तर दुसऱ्या महायुद्धाचा जो भाग मी वर्षानुवर्षं शिकवला त्याची ही बाजू मला ठाऊकच नव्हती.

तिकडेही चांगल्या वस्तीतल्या घरांच्या भाडेकरारात कोंबड्या पाळायला मनाई असे. मग युद्ध आलं. बाहेरून येणारं धान्य जहाजांबरोबर बुडू लागलं. जून १९४१ मध्ये अंडी रेशनवर आली. माणशी आठवड्याला एक अंडं, तेही मिळालं तर! अमेरिकेहून अंड्याची भुकटी येऊ लागली, डब्यात बारा अंड्यांची. अशा वेळी सरकारने करारातल्या त्या मनाया बाजूला ठेवल्या. ज्याला कोंबड्या पाळायच्या त्याने आपलं अंड्याचं रेशन सोडायचं आणि त्याबदल्यात कोंबड्यांच्या खाद्याचं कुपन घ्यायचं. त्या खाद्यात घरातली बटाट्याची सालं, पानातलं उरलेलं शिजवून मिसळायचं. घरगुती कोंबडीपालकांची एक परिषद निघाली, तिचे सभासद दहा लाखांच्या वर गेले. अमेरिकेत तर हे पहिल्या महायुद्धातच झालं होतं. तिथल्या शेती खात्याने भित्तिपत्रकं लावली, की घरातल्या माणशी दोन कोंबड्या परसात पाळा, ताजी अंडी घरच्या घरी मिळतील. तेव्हा कोंबडी पाळणं हे देशभक्तीचं काम झालं.

इंग्लंडमध्ये अंड्यांचं रेशन १९५३ साली उठलं. पण त्याआधीच, १९५० साली, तिथल्या संसदेने इंग्लंड आणि वेल्ससाठी कायदा करून टाकला, की आपल्या ताब्यातल्या जागेत धंद्यासाठी नव्हे तर घरापुरत्या कोंबड्या किंवा ससे पाळायला भाडेकरारातल्या अटीने अडवता येणार नाही. मात्र आरोग्याला अपाय किंवा शेजाऱ्याला उपद्रव होता कामा नये. कायद्यात नाव कोंबड्यांचं आणि सशांचं आहे, कोंबड्याचं नाही. आरवण्याचा प्रश्न तिकडेही होताच की! आता बर्ड फ्लूमुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी असली तरी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

विचार करा मंडळी. कोंबडी तीच, तिचा वासही तोच. पोट अडलं तेव्हा तीच कोंबडी प्रतिष्ठित वस्तीत चालून गेली. मग 'शोभत नाही' हे कोंबडीबद्दल होतं, की ती कोण पाळतं त्याबद्दल?

शहरातून खुराडी गेली त्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्याची सुरुवातही एका बाईपासून होते. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सीसिल स्टील नावाच्या बाईंनी नेहमीप्रमाणे अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली. चुकून आली ५००. त्यांनी परत न पाठवता ती वाढवली आणि वाचलेली ३८७ मांसासाठी विकली. भाव इतका चांगला आला, की तीन वर्षांत त्यांच्याकडे १०,००० पक्ष्यांची सोय झाली. ब्रॉयलरचा धंदा तिथून सुरू झाला असं मानतात. पण धंदा मोठा होत गेला तसा तो शेडचा, कंपनीचा आणि बँकेचा झाला. बाईच्या कमरेची किल्ली त्यात कुठे गेली कळलंही नाही.

आपल्याकडे हे १९७० नंतर झालं. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुणे हे कोंबडीच्या धंद्याचं मोठं ठाणं झालं. १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती निघाली. "संडे हो या मंडे" तुम्हाला आठवत असेलच, ते तिचंच. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, शेडमधली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात. फरकाचं मोठं कारण म्हणजे शेडमधली कोंबडी खुडूक होत नाही. उबवायला बसण्याची तिची ओढच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकली आहे. खुडूक झाली की अंडी थांबतात ना! यामुळे अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात पोचलं, हे चांगलंच झालं. त्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्या शाळेतल्या किती पोरांना त्याने बळ दिलं, ते मी पाहिलं आहे. पण दुकानदार आता काकींची दोन अंडी घेऊन चहाची पुडी देत नाही. त्याच्याकडे ट्रेवर ट्रे रचलेले असतात.

मग आलं २००६. १८ फेब्रुवारी २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूची खात्री झाली. भारतातला हा पहिलाच. साथ दिसली मोठ्या शेडमध्ये. पण आजूबाजूच्या परिघातले सगळे पक्षी मारायचे असा नियम होता आणि साथीच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पथकं घराघरांत गेली, आदिवासी पाड्यांवरच्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत रोग निघाला. तेव्हापासून दारातली कोंबडी म्हणजे रोग, हे लोकांच्या मनात बसलं. भीती खोटी नाही. परसातल्या कोंबडीलाही हा रोग होतो, आणि मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, जनावरांच्या दवाखान्यात कळवावं, हे प्रत्येकाला माहीत हवं. पण हजारो पक्षी एका छपराखाली कोंबलेल्या शेडला आपण धंदा म्हणतो आणि आठ कोंबड्यांच्या खुराड्याला धोका म्हणतो, हे माप मला सरळ वाटत नाही.

सगळं संपलं असंही नाही बरं का. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली ३१.७ कोटी परसातली होती, आणि २०१२ च्या गणनेपेक्षा ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. हैदराबादच्या केंद्रीय संस्थेने खास परसासाठी 'वनराजा' आणि 'ग्रामप्रिया', बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने 'गिरिराजा' तयार केली. म्हणजे एकीकडे सरकार बाईला पिल्लं पाळ म्हणून सांगतं आहे, आणि दुसरीकडे गावाचं शहर झालं की आपण तिला खुराडं उचल म्हणून सांगतो आहोत.

मी कॉलनीच्या बैठकीत काय सांगणार आहे ते इथे लिहून ठेवते. कोंबडा नको असेल तर नसू दे. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तेव्हा बाहेरून फलित अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात. कोंबड्यांची संख्या ठरवा. खुराडं रोज झाडायचं, विष्ठा आणि भुसा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचा. कॉलनीतल्या गुलाबांना ते खत सोन्यासारखं आहे, हे अर्जावर सही करणाऱ्या बागप्रेमींना मी आवर्जून सांगणार आहे! कोंबड्या रस्त्यावर न सोडता जाळीच्या आत ठेवायच्या. एवढं ठरवून लिहून घेतलं, तर अर्जातल्या तिन्ही कारणांचं समाधान होतं. चौथ्या कारणाला मात्र ठरावात जागा देऊ नये. त्या बाईचं खुराडं आपल्या कॉलनीच्या आधीचं आहे. ती धुण्याभांड्याची कामं करते, आणि अंड्यांचे पैसे पोस्टात टाकते.

आणि एक शेवटचं. राणीखेतची लस जनावरांच्या दवाखान्यात मिळते, पण ती शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांच्या कुपीत येते. बर्फावर ठेवून आणावी लागते आणि कुपी फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी एकटी बाई ती आणू शकत नाही. म्हणूनच लस निघून वीस वर्षं झाली तरी आमच्या काकींच्या सतरा कोंबड्या गेल्या. आसपासच्या वस्तीतल्या दहा-बारा घरांनी एका दिवशी आपापल्या कोंबड्या एकत्र आणल्या तरच ती कुपी कामाची. कॉलनीला काही ठराव करायचाच असेल, तर तो या लसीचा करावा. बर्फाचा डबा मी देते.

असो. बरंच लांबलं. तुमच्याकडे खुराड्याला, डालग्याला, खुडूक कोंबडीला काय म्हणतात? कोकणातल्या आणि विदर्भातल्या मंडळींनी जरूर कळवावं. आणि तुमच्या आजीच्या अंड्यांच्या पैशांतून घरात काय आलं होतं, तेही आठवून बघा.